पाणी येतं कुठून? भांडुपच्या एका सोसायटीचं समोच्चरेषा-वाचन

भांडुप पश्चिमेला वस्ती संपते आणि राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर सुरू होतो, त्या सीमेवर आमची चार विंगची सोसायटी आहे. डोंगराच्या बाजूला सी विंग, तिच्या मागे साधारण दहा फुटी दगडी संरक्षक भिंत आणि भिंतीपलीकडे झाडी. दर पावसाळ्यात या भिंतीकडून गढूळ पाणी येतं. जूनमध्ये येत नाही. जमीन पुरती भिजली की, म्हणजे जुलैच्या मध्यापासून, आधी दगडांच्या सांध्यांतून पाझर सुरू होतो. मोठी सर आली की भिंतीवरून पाणी उतरतं आणि पार्किंगमध्ये लाल मातीचा थर बसतो. गेल्या पावसाळ्यानंतर भिंतीला मधोमध पोट आलेलं दिसलं, तेव्हा कुठे सगळे हादरले.

हादरायलाच हवं होतं. २ जुलै २०१९ ला, मध्यरात्रीनंतर, मालाडच्या पिंपरीपाड्यात संरक्षक भिंत कोसळून पंचवीसहून अधिक माणसं गेली. १८ जुलै २०२१ ला चेंबूरच्या भारतनगरमध्ये भिंत पडून १९ जण गेले. दोन्ही ठिकाणी डोंगरउतार होता आणि मुसळधार पाऊस होता. आमच्या सी विंगमध्ये तळमजल्यावरही घरं आहेत आणि भिंतीपासून त्यांच्या खिडक्या बारा-पंधरा फुटांवर आहेत.

सर्वसाधारण सभेत दोन मतं पुढे आली. पहिलं असं की शेजारच्या प्लॉटमध्ये भराव घालून जोतं उंच केलं, त्यामुळे तिकडचं पाणी आपल्याकडे वळलं. तेव्हा त्यांना नोटीस द्या. दुसरं असं की भिंतीवरून पाणी येतंय ना, मग भिंत दोन फूट वाढवा. दुसऱ्या मताच्या बाजूने कंत्राटदाराचं एस्टिमेटही तयार होतं. सभा तिथेच संपली असती. पण एका प्रश्नाचं उत्तर कोणाकडेच नव्हतं: या भिंतीवर डोंगराचा नेमका किती भाग येऊन रिकामा होतो? मी गिर्यारोहण शिकवताना मुलांना नकाशा वाचायला शिकवतो. म्हणून म्हटलं, एस्टिमेट मंजूर करण्याआधी पंधरा दिवस द्या, हे आधी नकाशावर बघू.

सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "अहो, त्या नकाशात आपली सोसायटी दिसते तरी का?"

नाही दिसत. पण डोंगर दिसतो, आणि आम्हाला हवा होता तोच.

नकाशा काय सांगतो

भारतीय सर्वेक्षण विभागाचा ४७ ए/१६ हा स्थलनिर्देशक नकाशा आमच्या भागाचा. प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर, एक मिलिमीटर पन्नास मीटर. त्यावरच्या तपकिरी रेषा म्हणजे समोच्चरेषा: समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असलेली ठिकाणं जोडणारी रेषा. दोन लगतच्या रेषांमधला उंचीचा फरक या नकाशावर २० मीटर, आणि दर पाचवी रेषा जाड: १००, २००, ३००.

सभेतल्या मंडळींना समजावताना मी एकच नियम आधी सांगितला. समोच्चरेषेच्या बाजूने चालत गेलात तर चढही नाही आणि उतारही नाही, म्हणून पाणी कधी रेषेच्या बाजूने वाहत नाही. ते रेषेला काटकोनात छेदून खाली येतं. हे एकदा पटलं की रेषांचे आकार बोलू लागतात. रेषा डोंगराच्या आत, उंचीच्या दिशेने टोकदार वळली असेल तर तिथे घळ आहे आणि आजूबाजूचं पाणी तिथे गोळा होतं. रेषा बाहेर, उताराच्या दिशेने फुगली असेल तर ती डोंगराची सोंड. तिच्यावरून पाणी दोन्ही बाजूंना निघून जातं. घळ आणि सोंड कागदावर सारख्याच दिसू शकतात. म्हणून आधी जाड रेषेवरचा आकडा शोधायचा, उंच बाजू कोणती ते ठरवायचं आणि मगच निष्कर्ष काढायचा. सवयीचे ट्रेकरही इथे घाई करतात.

आता आमचा तुकडा. सोसायटी २० आणि ४० च्या रेषांच्या मधल्या कोऱ्या पट्ट्यात येते. म्हणजे आमच्या दारातल्या जमिनीबद्दल नकाशा जवळपास काहीच बोलत नाही. वीस मीटर म्हणजे सहा-सात मजल्यांची उंची. तेवढ्यात एखादा ओहोळ, दरड, भराव, दहा फुटी भिंत सगळं गडप होऊ शकतं. नकाशावर रेषा नाही म्हणजे जमीन सपाट आहे, असं कोणी समजू नये. ४० ची रेषाही आमच्या मागून जवळपास सरळच जाते.

वर मात्र चित्र वेगळं होतं. ६०, ८०, १०० या तिन्ही रेषांना एकाच सरळीत आत वळलेला लहानसा खाचा होता. एका रेषेतला खाचा मी सोडून दिला असता. रेखाटताना हात जरा वळला असेल, असंही होऊ शकतं. तीन रेषा एकाखाली एक त्याच जागी वळतात तेव्हा ती जमिनीचीच खूण असते. तिन्ही खाच्यांच्या टोकांतून पेन्सिलने रेघ काढली आणि ४० च्या रेषेवरून खालच्या कोऱ्या पट्ट्यात पुढे नेली. ती सी विंगवर येऊन टेकली. शेजारचा प्लॉट या रेघेच्या उत्तरेला, सोंडेच्या पलीकडे राहिला. त्यांच्याकडचं पाणी आपल्याकडे यायला सोंड चढून यावं लागेल, हे कागदावर बोट ठेवून दाखवल्यावर नोटिशीचा विषय मागे पडला.

बाल्कनीतून न दिसणारा डोंगर

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट रेषांच्या दाटीत होती.

४० ते १४० या रेषा नकाशावर चार मिलिमीटरांत बसल्या आहेत. म्हणजे आडवं अंतर २०० मीटर आणि चढ १०० मीटर. दोनास एक, साधारण २६ ते २७ अंशांचा उतार. १४० च्या वर मात्र रेषा एकदम विरळ होतात. पुढच्या साठ मीटर चढाला चारशे मीटर आडवं अंतर लागतं, उतार नऊ अंशांच्याही आत. खाली दाट आणि वर विरळ रेषा म्हणजे बहिर्वक्र उतार. अशा उताराच्या पायथ्याशी उभं राहिलं की दाट रेषांचा उभा भाग तेवढा दिसतो आणि त्याची कडा हाच डोंगरमाथा वाटतो. पलीकडचं पसरट रान त्या कडेमागे पूर्ण झाकलेलं असतं.

आमच्या सोसायटीत गेली कित्येक वर्षं लोक बाल्कनीतून ती कडा बघत आले आहेत. "एवढासा तर डोंगर आहे, त्याचं पाणी ते किती असणार" हे वाक्य मी सभेत अनेकांकडून ऐकलं, आणि त्यांनी जे पाहिलं होतं त्यावरून ते बरोबरच होतं. डोंगराचा मोठा भाग त्यांनी पाहिलेलाच नव्हता.

मग पाणलोटाची सीमा काढली. सी विंगच्या भिंतीवरचा बिंदू धरायचा, तिथून दोन्ही बाजूंच्या सोंडांवरून प्रत्येक रेषेला काटकोनात छेदत वर जायचं आणि डोंगरमाथ्याच्या धारेवर दोन्ही रेघा मिळवायच्या. या बंदिस्त आकृतीत पडलेला प्रत्येक थेंब उताराने त्या बिंदूकडेच येणार. वर एक मिलिमीटरच्या चौकटींचा ट्रेसिंग पेपर ठेवून आतले चौकोन मोजले. एक चौकोन म्हणजे ५० मीटर गुणिले ५० मीटर, अडीच हजार चौरस मीटर. चौकोन भरले ४८. म्हणजे १ लाख २० हजार चौरस मीटर, १२ हेक्टर. त्यातले १४० च्या रेषेखालचे, म्हणजे बाल्कनीतून दिसणारे, जेमतेम १६. उरलेलं दोन तृतीयांश पाणलोट कडेमागे.

आता पाऊस. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली होती. नंतरच्या बृहत आराखड्यात तो आकडा ५० करण्यात आला. ५० धरू. १२ हेक्टरवर तासाला ५० मिलिमीटर म्हणजे ६,००० घनमीटर पाणी. झाडी आणि माती काही पितील, म्हणून साठ टक्केच वाहून येईल असं मानलं तरी सेकंदाला एक घनमीटर, हजार लिटर. उन्हाळ्यात सोसायटी जो दहा हजार लिटरचा टँकर मागवते, तसा एक टँकर दर दहा सेकंदांना भिंतीमागे ओतला जातोय असं समजा. आणि ५० हा काही टोकाचा आकडा नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कुलाब्यात जेमतेम ७३ होता. एकाच शहरात, एकाच दिवशी. विहार तलावाच्या बाजूला, म्हणजे आमच्याच डोंगरात, तो हजाराच्याही वर गेला होता.

भिंतीला पाणी बाहेर पडायला तीन इंची नळ्यांची एक ओळ आहे. निम्म्याहून जास्त मातीने बुजलेल्या.

एकाच अंगणाच्या तीन उंच्या

हे चालू असताना आकड्यांचा एक घोळ झाला. तो मुंबईत कुठेही होऊ शकतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पुनर्विकासाची चाचपणी करताना सोसायटीने प्लॉटचा टोटल स्टेशन सर्व्हे, म्हणजे यंत्राने अंतरं आणि उंच्या मोजून केलेली पाहणी, करून घेतला होता. एक-एक मीटरच्या काँटूरचं, म्हणजे समोच्चरेषांचं, ते ड्रॉइंग कपाटात पडून होतं. त्यावर अंगणाची पातळी ५८ मीटर. मी नकाशावरून अंदाज काढला होता तो ३४ च्या आसपास. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाने मोबाईल पुढे केला: "काका, हे ॲप तर आपल्याला समुद्राच्या खाली दाखवतंय, उणे तीस!" सभेत लगेच कुजबुज सुरू झाली की सगळंच चुकलंय.

तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर होते. वेगळा होता तो शून्य. सर्वेक्षण विभागाच्या नकाशातला शून्य म्हणजे सरासरी समुद्रसपाटी. कराची, मुंबई, मद्रास अशा नऊ बंदरांतल्या भरती-ओहोटीच्या दीर्घ नोंदींवरून १९०९ साली ती भारतासाठी ठरवली गेली. महापालिकेच्या हद्दीतली बांधकामं आणि गटारं मात्र टाउन हॉल डेटमवर, साइटवरच्या भाषेत टीएचडीवर मोजली जातात. फोर्टमधला जुना टाउन हॉल, म्हणजे आजची एशियाटिक सोसायटीची इमारत, हा त्याचा संदर्भ. हा शून्य समुद्रसपाटीच्या सुमारे चोवीस मीटर खाली आहे, त्यामुळे शहराच्या सखल भागातही आकडे उणे होत नाहीत. ५८ मधून २४ वजा केले की ३४ उरतात. मोबाईलचा जीपीएस तिसऱ्याच पृष्ठभागापासून मोजतो: पृथ्वीचा गणिती लंबगोल. भारताच्या आसपास गुरुत्वाकर्षणाचा मोठा खळगा आहे आणि खरी समुद्रपातळी मुंबईत त्या लंबगोलाच्या साठ-पासष्ट मीटर खाली जाते. ही दुरुस्ती न करणारं ॲप वापरलं की भांडुपचं अंगण समुद्रात बुडालेलं दिसणारच.

कोणत्याही मुंबईकराने ड्रॉइंगवर उंची पाहिली की सर्वांत आधी ती कशावरून मोजली हे विचारावं. टीएचडी आणि समुद्रसपाटी यांची गल्लत झाली तर आठ मजल्यांचा फरक पडतो.

भिंतीमागचा सपाट तुकडा

शून्य जुळल्यावर ते एक मीटरचं ड्रॉइंग फार कामाचं ठरलं. नकाशाची ४० ची रेषा म्हणजे त्यावरची ६४ ची. सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर ती सरळ होती. इथे ६४, ६५, ६६ या तिन्ही रेषा ठळकपणे आत वळलेल्या होत्या, आमच्या पेन्सिलच्या रेघेपासून हाताच्या अंतरावर. एवढा लहान बाक १:५०,००० च्या प्रमाणात मावतच नाही.

त्याहून जास्त बोलकी होती ६१ ची रेषा. ती भिंतीला समांतर, पट्टीने आखल्यासारखी सरळ जात होती, आणि तिच्या वर ६२ ची रेषा येईपर्यंत बरीच मोकळी जागा होती. वर घळ स्पष्ट आणि भिंतीजवळ ती अचानक नाहीशी. डोंगर असं करत नाही, माणूस करतो. सर्व्हेअरला फोन केला तर तो म्हणाला, "तिथे डेब्रिज होतं साहेब, पाय रुतत होता."

वनखात्याची परवानगी काढून, वनरक्षकाला बरोबर घेऊन आम्ही भिंतीमागे गेलो. बिबट्याचं रान आहे, कोणीही उठून तिथे जाऊ नये. विटांचे तुकडे, फरशा, गोण्या, त्यावर माजलेली रानटी झुडपं: ६१ च्या रेषेचा सपाट तुकडा तो हाच. त्याच्या वर पंधरा-वीस पावलांवर काळ्या दगडात धुपून झालेली घळ स्वच्छ दिसत होती, तळाला गोल गुळगुळीत धोंडे. घळीच्या तळाला असे धोंडे सहसा वाहत्या पाण्याने झालेले असतात.

परत आल्यावर ए विंगमधल्या आजींना विचारलं. इमारती होण्याआधीपासून त्या इथल्या बैठ्या चाळीत राहायच्या. त्या लगेच म्हणाल्या, "पऱ्या होता की तिथे! गणपतीपर्यंत वाहायचा. आम्ही कपडे धुवायला जायचो." इतकी वर्षं त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं. सभेत बसून त्यांनी तो पऱ्या आताच्या सी आणि डी विंगच्या मधून रस्त्याकडे कसा जायचा, हे हाताने दाखवलं. आमची रेघ तिथूनच जात होती.

भिंत वाढवली असती तर

मग ते एस्टिमेट पुन्हा काढलं. तीन मीटर उंचीच्या भिंतीमागे पाणी वरपर्यंत साचलं तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर पाण्याचाच दाब साडेचार टन होतो. मातीचा वेगळा. भिंत दोन फुटांनी वाढवून पाणी ३.६ मीटरपर्यंत अडवलं तर तोच दाब साडेसहा टनांजवळ जातो. उंची एक पंचमांशाने वाढते आणि दाब जवळजवळ दीडपट, कारण तो उंचीच्या वर्गाने वाढतो. भिंतीचा पाया तोच, पोट आलेले दगड तेच. ज्या कामासाठी आम्ही पैसे देणार होतो, त्याने तळमजल्यावरच्या घरांचा धोका वाढला असता. हे गणित फळ्यावर मांडल्यावर सभेत काही वेळ कोणी बोललं नाही. मग ज्यांनी एस्टिमेट आणलं होतं, त्या सदस्यांनीच ते मागे घेतलं, आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

नकाशाचं काम इथे संपतं. समोच्चरेषा पाणी कुठून येईल आणि साधारण किती येईल ते सांगतात. भिंत उभी राहील का, हे सांगत नाहीत. ते स्ट्रक्चरल इंजिनियरचं काम. आम्ही त्यांना पाणलोटाची आकृती, दोन्ही प्रमाणांचे नकाशे आणि आजींनी दाखवलेला मार्ग दिला. त्यांनी भिंतीमागचा राडारोडा हातांनी, टप्प्याटप्प्याने काढायला सांगितलं. यंत्र लावलं तर भिंत हादरेल. बुजलेल्या नळ्या मोकळ्या केल्या आणि भिंतीच्या पायाशी खडीचा थर दिला. घळ जिथे भिंतीला भिडते तिथे जाळीसह मोठं तोंड ठेवायचं, गाळ बसायला आधी एक खड्डा, आणि पाणी सी-डीच्या मधून झाकलेल्या गटाराने रस्त्यालगतच्या नाल्यात न्यायचं, असं त्यांचं डिझाइन आहे. त्यासाठी महापालिकेच्या एस विभाग कार्यालयात अर्ज केला आहे, भिंतीपलीकडच्या कामासाठी वनखात्याकडेही. तोवर भिंतीलगतचं पार्किंग आणि वॉचमनची केबिन हलवली आहे. मोठ्या पावसाचा इशारा असेल त्या रात्री सी विंगच्या तळमजल्यावरची मंडळी वरच्या मजल्यांवर झोपायला जातात, आणि कोणाच्या घरी कोण जायचं हे ठरलेलं आहे.

एक प्रश्न अजून सुटायचा आहे. गटार करून आपण पाणी पुढे पाठवणार, ते पुढे कोणाकडे जाईल? तीच रेघ नकाशावर ४० च्या खाली, २० च्या रेषेकडे वाढवली तर ती रस्त्यापलीकडच्या सोसायटीच्या फाटकासमोरून जाते, आणि त्यांचं जोतं आमच्यापेक्षा जवळपास तीन मीटर खाली आहे. नाला तिथे अरुंद आहे. म्हणून त्यांच्या कमिटीला आम्ही आधीच बोलावलं, आजींनाही बसवलं आणि १२ हेक्टरची आकृती त्यांच्यासमोर ठेवली. नाल्याचं तोंड रुंद करण्याचा अर्ज आता दोन्ही सोसायट्यांच्या सह्यांनी जाणार आहे. गच्चीवर पर्जन्यमापक बसवलं आहे आणि भिंतीमागे रंगाने मोजपट्टी आखली आहे. किती मिलिमीटरला पाणी कुठवर चढतं याची नोंद सी विंगमधली कॉलेजची मुलं ठेवतील, म्हणजे साठ टक्क्यांचा आमचा अंदाज किती खरा आहे ते इंजिनियरांना तपासता येईल.